बिराजदार सर आणि घरातले फोन

नेट अडकलं की माणसं काय काय करतात. कुणी राउटरच्या डब्याला चापट मारतं, कुणी लॅपटॉप उचलून घरभर फिरतं, कुणी कंपनीला फोन लावून न ऐकणाऱ्या बाईवर ओरडतं. मी यातलं काहीच करत नाही. पडद्यावर ते गोल चक्र फिरायला लागलं की मला बिराजदार सर आठवतात, आणि मी गप्प बसून राहते.

सर माझे शेजारी. म्हणजे खरं तर मीच त्यांची शेजारीण, कारण घर त्यांचं स्वतःचं होतं आणि मी पलीकडच्या बंगल्याच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होते. सोलापुरात होटगी रोडच्या आत एक वसाहत आहे, तिच्या शेवटच्या बोळात. सरांनी सगळी नोकरी मंद्रूपच्या हायस्कुलात पीटी शिकवण्यात घालवली. गणिताच्या आणि इंग्रजीच्या मास्तरांना पोरं विसरतात, पीटीच्या मास्तरांना विसरत नाहीत. उन्हात उभं केलेलं माणसाच्या चांगलं लक्षात राहतं. सरांबरोबर सात रस्त्याला, म्हणजे चौकात, काही आणायला गेलं की हमखास एखादा पोट सुटलेला गृहस्थ स्कूटर थांबवायचा, उतरायचा, आपोआप ताठ व्हायचा आणि म्हणायचा, "सर, वळखलं का?" सर त्याला वरून खालपर्यंत न्याहाळत म्हणायचे, "पोट आत घे." तो पोट आत घ्यायचा. झाली ओळख. मग दोघं तिथंच रस्त्यात उभं राहून कुठल्यातरी तालुका पातळीच्या कबड्डीच्या फायनलवर बोलायचे आणि मी पिशवी धरून उभी राहायची.

उंची बेताची, अंग वाळलेल्या शेंगेसारखं, डोक्यावर पांढरे खुंट. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी घरातसुद्धा पांढरे कॅनव्हासचे बूट. जगातली कुठलीही अडचण बेशिस्तीमुळे होते आणि माणसं नीट रांगेत उभी राहिली की ती सुटते, असा त्यांचा पक्का समज होता. रस्त्यातला खोळंबा, लग्नातली जेवणं, डेंग्यूची साथ, सगळ्यावर त्यांचा एकच इलाज. "एका टायमाला सगळ्यांनी गलका करायचा न्हाय. एकानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. मग बघा की, कसं सुटतंय." नेटच्या बाबतीतही ते हेच म्हणाले, आणि गंमत अशी की तिथं ते पुष्कळसं बरोबर होतं.

त्यांच्या कमरेला एक फोन लटकलेला असायचा. मोबाईल नव्हे. लँडलाईनचा बिनवायरचा फोन, कॉर्डलेस, ज्याचं बूड घरात भिंतीजवळ असतं आणि वरचा भाग हातात घेऊन फिरता येतं. निवृत्तीच्या दिवशी त्यांच्या कबड्डीच्या पोरांनी वर्गणी काढून तो दिला होता. सिद्धूनं, म्हणजे त्यांच्या मुलानं, घेऊन दिलेला चांगला टचचा मोबाईल कपाटात धुतलेल्या कपड्यांखाली पडून असे. "माझी पोरं ह्या नंबरावर फोन करतेत," सर कमरेवर थाप मारून म्हणत, "त्या नंबरावर मला कोण वळखतंय?" पट्ट्याला अडकवलेला तो फोन घेऊन ते अंगणात, गच्चीवर, पेरूच्या झाडाखाली फिरत. फाटकाच्या बाहेर पाऊल पडलं की तो कुईं कुईं करायला लागे आणि सर मागं फिरत. काकू, म्हणजे सरांची बायको, म्हणायच्या, एवढं माझं ऐकलं असतं तर बरं झालं असतं.

काकूंचं माहेर अक्कलकोटचं. नवरा-बायकोत काही आतलं बोलायचं असलं की दोघं कानडीत शिरायचे. मी शेजारी राहून राहून त्यातलं थोडंफार समजायला लागले होते, पण ते मी त्यांना कळू देत नव्हते.

त्यांचं घर एरवी शांत. सिद्धू पुण्यात, सून प्राजक्ता पुण्यात, नात इरा तिथंच जन्मलेली. लॉकडाऊन लागला तेव्हा तिघं थोड्या दिवसांसाठी म्हणून सोलापूरला आली आणि राहिली. दोघांची नोकरी कॉम्प्युटरवरची, कुठूनही चालणारी. पुण्याची भाड्याची जागा सोडून दिली, सामान इकडं आणलं. सरांचं वय दहा वर्षांनी कमी झालं. सकाळी इराला खांद्यावर घेऊन ते बोळातून चक्कर मारायचे आणि जो भेटेल त्याला ती दाखवायचे, जणू लोकांनी तिला काल पाहिलंच नव्हतं. "साऱ्या जगाचं वाटोळं केलं त्या रोगानं," एकदा ते म्हणाले, "आन् माझं घर भरलं. आसं म्हणू ने, पर भरलं." आणि लगेच त्यांनी कानाची पाळी धरली.

मग ऑफिसं पुन्हा उघडली. प्राजक्ताच्या कंपनीनं तिला सांगितलं की घरून काम करायला हरकत नाही, पण मीटिंगा नीट झाल्या पाहिजेत. आणि नेमकं तिथंच घोडं अडलं. माडीवरच्या खोलीत ती मीटिंगला बसली की मध्येच आवाज तुटायचा, चेहरा थिजायचा. "हॅलो, माझा आवाज येतोय का?" हे तिचं वाक्य माझ्या खोलीपर्यंत ऐकू यायचं. सिद्धूचं काम बरंचसं न बोलता करायचं होतं, त्याचं भागायचं. एका रात्री जेवताना प्राजक्ता म्हणाली, नेटचं असंच राहिलं तर आम्हाला पुण्याला परत जावं लागेल बहुतेक.

हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी सरांकडूनच कळलं. मी दात घासत होते आणि सर माझ्या दारात पांढऱ्या बुटांत उभे.

"मॅडम, तुमी कॉम्प्युटर शिकवता न्हवं कॉलेजात?"

मी म्हणाले, सर, मी पत्र टाईप करायला आणि बेरजा करायला शिकवते. नेटचं मला काही कळत नाही.

"म्हंजी कॉम्प्युटरच की. चला."

वाटेत त्यांनी मला सगळी परिस्थिती एका दमात सांगितली. शेवटी फाटकाशी थांबून म्हणाले, "नेट सुदारलं तर पोरं ऱ्हातेत. न्हाय सुदारलं तर जातेत. लई सोपं गणित हाय, मॅडम." आवाज नेहमीचाच होता, पण फाटकाची कडी त्यांना चटकन लागेना. मला नाही म्हणवलं नाही.

आधी नेटवाला आला. तो चाळिशीचा, वैतागलेला माणूस. त्यानं डबा उलटा केला, सुलटा केला, वायर काढली, लावली, आणि हात झटकत म्हणाला, "सर, आमच्या डब्याला काय झालं न्हाय. लाईन बी ओके हाय. तुमच्या घरात फोन लई हायत. एकमेकाच्या आडवं येतेत."

त्याला एवढंच बोलून सुटायचं होतं. पण सरांना ते असं काही पटलं की विचारू नका. इतके दिवस त्यांना शत्रू दिसत नव्हता, आता तो दिसला. बेशिस्त फोन.

त्याच दिवशी त्यांनी घरातल्या फोनांची हजेरी घेतली. काकूंचा एक, सिद्धूचे दोन, प्राजक्ताचे दोन, इराला कार्टून लावून द्यायचा जुना फुटका एक. सगळे परातीत मांडले. एकेक फोन बंद करायचा, माडीवर ओरडून विचारायचं, "आता?" वरून प्राजक्ता, "तसंच आहे." दुसरा बंद करायचा, "आता?" कबड्डीत कोण दम सोडतो ते ओळखायला जसं ते पोरांच्या तोंडाजवळ कान न्यायचे म्हणतात, तसे ते प्रत्येक फोनाजवळ कान नेत होते. कपाटातला स्वतःचा मोबाईलही त्यांनी आणून परातीत टाकला. पक्षपात नको. कमरेचा फोन मात्र कमरेलाच राहिला. तो त्यांच्या लेखी फोन नव्हताच, ते घर होतं.

भांडी घासायला येणारी रेणुका पदराला हात पुसत हा तमाशा बघत होती. सर तिच्याकडं वळले.

"तुझा कुटाय?"

"सर, माझ्या फोनात नेटच न्हाय. बटनाचा हाय."

"बटनाचा आसला तरी फोनच हाय न्हवं?"

तेव्हापासून रेणुकानं आपला फोन कंपाउंडच्या भिंतीवर ठेवून आत यायचं असा नियम झाला. एकदा त्यावर कावळा बसला तेव्हा तिनं केलेला आरडाओरडा मी विसरणार नाही. दूधवाल्याचा फोन तर फाटकाच्याही बाहेर. तो बिचारा सायकलच्या सीटवर फोन ठेवून आत यायचा आणि दूध मापताना मान वळवून वळवून बघायचा.

त्यानंतर आली शिट्टी. प्राजक्ताची मीटिंग सुरू व्हायच्या जरा आधी सर अंगणात येऊन शिट्टी फुंकायचे. लांब एकच, शाळेची तुकडी गोळा करायची असते तशी. शिट्टी झाली की घरातले सगळे फोन झोपवायचे. मीटिंग संपेपर्यंत ते स्वतः जिन्याच्या मधल्या पायरीवर पहारा द्यायचे. प्राजक्ताला ती शिट्टी मीटिंगमध्येसुद्धा ऐकू जाई, आणि तिकडं पुण्यात कुणीतरी विचारी की तुमच्या घराशेजारी मैदान आहे का. आहे, असं ती सांगे. इराला या सगळ्याची इतकी सवय झाली की ती बाहुल्यांना ओळीत बसवून "फोन जमा करा" असं खेळायची.

मीही कामाला लावलेली होतेच. कॉलेजातून आल्यावर चहा तिकडंच. मी नेटवर वाचून वाचून काहीबाही सांगायची, सर ते ताबडतोब अमलात आणायचे. मी म्हणाले, राउटर उंचावर हवा. त्यांनी कपाटावर स्टूल ठेवून त्यावर डबा चढवला आणि म्हणाले, "पंच उंचच बसाया पायजे. तवा सगळं दिसतंय." त्याला वीज लागते म्हणून एक्स्टेन्शनचा बोर्ड वर गेला, आणि बोर्ड एकच म्हणून कॉर्डलेसचं बूडही त्याच्या शेजारी चढलं. दोघं कपाटावर एकमेकांना चिकटून बसले. मी ते बघितलं, सरांनी बघितलं, सगळ्यांनी बघितलं. नेट आणखीच बिघडलं.

एकदा मात्र मला मोठा मान मिळाला. काकूंचा फोन हातात घेऊन बघते तर त्यांचा हॉटस्पॉट चालू. म्हणजे त्या फोनातून दुसऱ्यांना नेट वाटायची सोय. ती कधी, कशी चालू झाली ते देवाला ठाऊक. काकू महिनोन् महिने नेट वाटत बसल्या होत्या आणि घेणारं कुणी नव्हतं. मी सांगितलं की यानंही अडथळा येऊ शकतो. सरांनी काकूंकडं अशा नजरेनं पाहिलं की मला माझीच जीभ चावावीशी वाटली. काकू काही बोलायला गेल्या तर "सुम्म कूडु!" गप बस. पण लगेच त्यांचा चेहरा खुलला. चोर सापडला होता. शेंगापोळ्यांचा बेत झाला, मला डबा भरून मिळाला. दोन दिवस नेट बरं चाललं आणि तिसऱ्या दिवशी माडीवरून पुन्हा आवाज आला, "हॅलो, माझा आवाज येतोय का?" सर ताटावरून उठले.

काकूंचा फोन त्या दिवसापासून जवळजवळ जप्तच. अक्कलकोटच्या बहिणींशी बोलायचं तर गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागं, तेही परवानगीनं. एकदा मी कपडे वाळत घालत होते तेव्हा त्या टाकीच्या सावलीत पाय पसरून बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "घर भरलं म्हणून ह्यांना आनंद. आन् घरात कोन कुनाशी बोलाया लागलं की ह्यांच्या पोटात गोळा. आता काय म्हनायचं ह्याला?" मी ओला टॉवेल झटकून दोरीवर टाकला.

ते सगळं कसं फुटलं ते सांगते. उन्हं तापायला लागली होती. प्राजक्ताची काहीतरी मोठी मीटिंग होती, साहेबलोक बाहेरच्या देशातून बोलणार होते. शिट्टी झाली होती, परात भरली होती, रेणुकाचा फोन भिंतीवर होता. मी खालच्या खोलीत माझा लॅपटॉप घेऊन नेटचा वेग बघत बसले होते, सर जिन्यावर. सगळं बरं चाललेलं. इतक्यात कमरेचा फोन वाजला. सरांचा एक जुना खेळाडू, कुठंतरी फौजदार झालेला; त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. सर कुजबुजत बोलायला लागले. त्यांची कुजबूज म्हणजे मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाला जाणारी. माझ्या पडद्यावरचा काटा धाडकन खाली आला. वरून, "हॅलो, माझा आवाज..." मी कपाटावर बघितलं. राउटर आणि त्याला टेकून कॉर्डलेसचं बूड, लाल दिवा लागलेला. मी सरांच्या कमरेकडं बघितलं. आणि माझ्या तोंडून मोठ्यानं निघून गेलं, "सर, तुमचा फोन."

त्यांनी फोनवर हात दाबला. "काय म्हणालात?"

"तुमचा फोन चालू झाला की नेट जातंय, सर."

सर फौजदाराला म्हणाले, "ठेव. पुन्ना कर." आणि ठेवला. काटा वर चढला. वरून प्राजक्ताचा आवाज सरळ चालू झाला.

मीटिंग संपल्यावर त्यांनी स्वतः परीक्षा घेतली. मी माझ्या मोबाईलवरून त्यांच्या घरचा नंबर लावायचा, त्यांनी उचलायचा, वर प्राजक्तानं सांगायचं. उचलला, "गेलं." ठेवला, "आलं." पुन्हा. पुन्हा. प्राजक्ताचा आवाज दर वेळी बारीक होत होता, पण ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. माझं लक्ष सरांकडं होतं. मला वाटलं होतं की ते खजील होतील. कसलं काय! त्यांनी पंचासमोर करतात तसा हात वर केला.

"फाऊल माझा! सापडला, मॅडम, सापडला!"

खुर्चीवर चढून त्यांनी बुडाचा प्लग उपटला, वायर गुंडाळली, कमरेचा फोन काढून त्याच्यावर ठेवला आणि दोन्ही टॉवेलात बांधून ट्रंकेत टाकलं. पोरांनी दिलेला तो फोन ट्रंकेत टाकताना त्यांचा हात जरासुद्धा अडखळला नाही. मग परात घेऊन घरभर फिरले. ज्याचा त्याला फोन परत. "घ्या, बोला, काय बोलायचं ते बोला!" काकूंचा फोन त्यांनी दोन्ही हातांनी काकूंच्या हातात दिला. भिंतीवरचा फोन स्वतः जाऊन आणला आणि रेणुकाला म्हणाले, "चुकलं आमचं." रेणुका लाजून मागच्या दारानं पळाली. काकूंनी गूळ किसायला घेतला.

प्राजक्ता खाली आली तेव्हा सर स्वयंपाकघरात पाटावर बसले होते, इरा मांडीवर, सिद्धू समोर. प्राजक्ता त्यांना मामा म्हणायची, सुना सासऱ्याला म्हणतात तसं.

"ये, बस," सर म्हणाले. "आता कंपनीला कळीव. सोलापूरचं नेट एक नंबर हाय म्हनावं. आता कुटं जायाचं काम न्हाय."

सिद्धू ताटलीतली शेंगाचटणी बोटानं एका बाजूला सारत होता. काकूंची किसणी थांबली.

"मामा," प्राजक्ता म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय?"

"कुठल्या फोनमुळे होतंय ते. दिवाळीच्या आधीच लक्षात आलं होतं माझ्या."

सर हसले. त्यांना अजून कळलं नव्हतं. "मग बोलली न्हाईस ते? उगं सगळ्यांला पळवलं मी."

"तुमचा कमरेचा फोन काढून ठेवा म्हणायचं माझ्यानं झालं नाही. आणि..." ती थांबली.

पुढचं सिद्धू बोलला. मान खाली घालूनच. "अण्णा, इराच्या शाळेचं आम्ही पुण्यात बघितलंय. जागेचं पण. जायचं आमचं आधीच ठरलंय. नेटमुळं जातोय म्हटलं असतं तर तुम्हाला जरा कमी लागलं असतं, असं वाटलं आम्हाला."

पाटावर बसलेला माणूस किती लहान दिसतो ते मी त्या दिवशी पाहिलं. सर काकूंकडं वळले आणि अगदी हळू, खरोखरच्या कुजबुजीत त्यांनी विचारलं, "निनग गोत्तित्तु?" तुला ठाऊक होतं? काकूंनी मान हलवली, व्हय. हातातला गुळाचा खडा त्यांनी कितीतरी वेळ खाली ठेवला नाही.

मला तिथून उठून जायचं होतं, पण दाराच्या वाटेत सरच बसलेले. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"मग मॅडम, नेट कशाला नीट केलं मी?"

मला रडूच आलं.

मला प्राजक्ताचा राग आला होता, तो चार दिवस टिकला. मग ती गच्चीवर भेटली. मी न विचारताच म्हणाली, "मला इथं कुणी वाईट वागवलं असतं ना, तर सोपं होतं. मी मीटिंगला बसले की सगळं घर श्वास धरून बसतं. सासूबाई उन्हात बसून बहिणीशी बोलतात. मामा जिन्यावर उभे. मी काम करते म्हणजे सगळ्यांना शिक्षाच. हे किती दिवस घ्यायचं मी?" सांगताना तिचे डोळे भरले होते. तिच्यावर रागावणं मग मला जमेना, आणि सरांवर तर शक्यच नव्हतं. अशा वेळी कुणावर तरी रागावता आलं असतं तर बरं झालं असतं.

सर भांडले नाहीत, अबोला धरला नाही. जायचा दिवस ठरला तसे ते खोकी गोळा करायला लागले, ओळखीच्या दुकानातून दोऱ्या आणल्या. नेट इतकं छान चालत होतं की प्राजक्ता अंगणात पेरूखाली बसूनसुद्धा मीटिंग करायची, आणि सर लांबूनच तिच्याकडं बघून आत जायचे.

फक्त एक झालं. एकदा आम्ही सात रस्त्याला गेलो होतो, दोरीच आणायला. एक विद्यार्थी भेटला, ताठ उभा राहिला, पोट आत घेतलं. म्हणाला, "सर, सिद्धू परत चालला म्हणं पुण्याला?"

"व्हय," सर म्हणाले. "नेट न्हाय की रे हितं. लई प्रॉब्लेम हाय नेटचा. पोरांनी तरी काय करावं?"

विद्यार्थी हळहळला, नेटवाल्यांना शिव्या देऊन गेला. सर माझ्याकडं न बघता चालायला लागले. मी दोरी घेऊन त्यांच्या मागं निघाले. त्या दिवसांत बोळात, भाजीवाल्याकडं, दवाखान्यात, सगळीकडं हेच कारण गेलं, आणि सगळ्यांना ते पटलं. मुलांनी त्यांच्यासाठी जे कारण तयार ठेवलं होतं, ते त्यांनी मुलांसाठी वापरून टाकलं.

ती लोकं गेली ते मी माझ्या खोलीच्या दारातून पाहिलं. माझंही सामान बांधून झालं होतं. मला लातूरच्या कॉलेजात नोकरी मिळाली होती आणि त्याच दिवशी निघायचं होतं. सरांना मी पाहिलं ते तेव्हाच शेवटचं. आमचा बोळ अरुंद, टेम्पो आत आला तेव्हाच भिंतीला घासला होता. भरून झाल्यावर तो उलटा काढायचा होता आणि ड्रायव्हरला मागचं काही दिसेना. सिद्धू पुढं झाला, पण सरांनी त्याला बाजूला केलं आणि स्वतः रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. दोन्ही हात वर.

"येऊ द्या... येऊ द्या... डावीकडं... हां, येऊ द्या."

ड्रायव्हर त्यांच्या हाताबरहुकूम टेम्पो काढत होता. कुठं भिंतीला लागला नाही, गटारीत चाक गेलं नाही. मागोमाग सिद्धूची गाडी. ती त्याला सहज काढता आली असती, पण तीही सरांनीच काढून दिली. काचेतून इरा हात हलवत होती. सरांना हात हलवता आला नाही, हात दिशा दाखवण्यात गुंतले होते. "जाऊ द्या... जाऊ द्या... आता सरळ." गाडी सरळ झाली आणि वळणावर दिसेनाशी झाली. काकू तोंडाला पदर लावून आत गेल्या.

सर तसेच रस्त्यात उभे होते. मला दारात पाहून म्हणाले, "आता घरात फोनच ऱ्हायले न्हाईत, मॅडम. नेट लई पळंल बगा."

त्यांचे दोन्ही हात अजून वरच होते. शाळेत 'हात खाली' असं पीटीच्या सरांनी म्हणायचं असतं. त्यांना म्हणणारं तिथं कुणी नव्हतं.